कुत्र्याचे पिल्लू वस्तीबाहेर केव्हा न्यावे?

शेतावर वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्यास कुत्रा हवाच असतो. रात्रीच्या पाळीला मोटार चालू करण्यास जाताना तो पुढे असतो, मक्यात डुकरे शिरली की पहिली हाक त्याचीच येते आणि शेळ्या-कोंबड्यांची निम्मी राखण त्याच्याच जिवावर चालते. आपल्याकडे कुत्र्यांचा माजाचा काळ बहुधा भाद्रपदात येतो. गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात, गावोगावी पिल्ले दिसू लागतात आणि पौषाच्या सुमारास ती कोणाच्या तरी पिशवीतून नाहीतर पाटीतून वस्त्यांवर पोहोचतात. ऊसतोडीच्या टोळ्या, यात्रा-जत्रा आणि आठवडे बाजारांची गर्दी यांचाही हाच हंगाम. पिल्लू चार-दोन दिवस खेळते, मग खाणे सोडते, रक्ताची हगवण लागते आणि मरते. घरचे म्हणतात, दृष्ट लागली.

शिवारफेरीच्या वेळी पिकांवरील प्रश्न संपले की हा प्रश्न हमखास निघतो. पिल्लू बाहेर केव्हा सोडायचे? गावात त्याची दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे आणल्या दिवसापासून मोकळे सोडा, जगायचे ते जगते. दुसरे म्हणजे सगळ्या लसी होईपर्यंत कोंडून ठेवा. मी पशुवैद्यक नाही, कृषिविद्या शिकवतो. परंतु या दोन्ही उत्तरांची किंमत आमच्या वस्तीने मोजली आहे, म्हणून हा विषय पशुवैद्यक मित्राकडून नीट समजावून घेतला आणि तोच येथे मांडत आहे.

आमचे पहिले पिल्लू सात आठवड्यांचे असताना आणले. दवाखान्यात नेऊन पहिली लस टोचून घेतली. लस झाली, आता भीती नाही, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले. दुसऱ्याच आठवड्यात धाकट्या भावाने त्यास मोटारसायकलवर बसवून आठवडे बाजारात नेले. तेथे ते तासभर मासळी आणि मटणाच्या दुकानांमागे हुंगत फिरले. पाचव्या दिवशी त्याने दूध सोडले, सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, नंतर घाणेरड्या वासाची रक्तमिश्रित हगवण लागली. सलाईन लावले, पण आठव्या दिवशी ते गेले. पुढच्या वर्षी दुसरे पिल्लू आणले तेव्हा आम्ही धसका घेतलेला होता. त्यास पाच महिन्यांचे होईपर्यंत अवजारांच्या खोलीतून बाहेर काढले नाही. रोग झाला नाही, अंगाने ते चांगले भरले. पण ट्रॅक्टर सुरू झाला की ते खाटेखाली शिरे आणि परका माणूस दिसला की दात दाखवी. आठ महिन्यांचे असताना कांदा काढणीस आलेल्या बाईंच्या सहा वर्षांच्या मुलाला ते चावले. मुलाच्या पोटरीवरची जखम खोल होती. रेबीजच्या लसीचे सगळे डोस पूर्ण केले, मुलगा सुखरूप आहे. परंतु त्या बाई पुन्हा आमच्या शेतावर कामाला आल्या नाहीत आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

आईकडून मिळालेली शिदोरी

बी उगवते तेव्हा पहिले काही दिवस रोप जमिनीतून फारसे काही घेत नाही. बियांतील साठ्यावर ते जगते. साठा संपत येतो आणि स्वतःची मुळे व पाने अजून पुरेशी कामाला लागलेली नसतात, तो काळ रोपाला सर्वांत नाजूक असतो. पिल्लाचे असेच आहे. जन्मल्यानंतर पहिल्या सुमारे २४ तासांत आईच्या चिकातून त्यास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. त्यानंतर पिल्लाच्या आतड्यातून ती रक्तात शोषली जात नाहीत. म्हणजे शिदोरी एकदाच मिळते, आणि नऊ-दहा दिवसांगणिक ती साधारण निम्मी होत जाते.

खरी अडचण पुढे आहे. आईकडून मिळालेली ही द्रव्ये जशी रोगाच्या विषाणूला अडवतात, तशीच ती लसीतील सौम्य केलेल्या विषाणूलाही मारून टाकतात. त्यामुळे शिदोरी भरपूर असताना टोचलेली लस वाया जाते. पुढे ही द्रव्ये कमी होत जातात तेव्हा मधला एक काळ असा येतो, की बाहेरच्या जोरदार विषाणूला थोपविण्यास ती अपुरी असतात, पण लसीला निष्प्रभ करण्याइतकी मात्र शिल्लक असतात. अशा दिवसांत पिल्लाला लस दिलेली असूनही रोग होतो. आमच्या पहिल्या पिल्लाचे बहुधा हेच झाले असावे. शिवाय लस लागू पडली तरी अंगात प्रतिकारशक्ती तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, हेही आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते.

हा नाजूक काळ कोणत्या पिल्लाला कधी येईल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. आईची स्वतःची प्रतिकारशक्ती किती, पिल्लाने चीक किती प्याला, यावर ते ठरते. एकाच वेतातील दोन भावंडांतही फरक पडतो. म्हणून सहा ते आठ आठवडे वयाला पहिली लस द्यावी आणि नंतर दर दोन ते चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी, असे ठरविलेले आहे. शेवटची मात्रा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर पडली पाहिजे, कारण तोपर्यंत बहुतेक पिल्लांची आईची शिदोरी संपलेली असते. पुष्कळांचा समज असा, की दुसरी व तिसरी मात्रा ही पहिलीला जोर आणण्यासाठी असते. तसे नाही. कपाशीत आपण नांग्या भरतो ते उगवलेल्या रोपांना बळ देण्यासाठी नव्हे, तर जेथे बी लागले नाही तेथे पुन्हा लावण्यासाठी. लसीच्या पुढील मात्रा म्हणजे अशाच नांग्या भरणे होय. त्यातली एखादी वेळेवर लागू पडते. ती कोणती, हे कळत नाही, एवढेच. म्हणून 'दोन झाल्या, तिसरी राहिली तरी चालेल' हा हिशेब येथे लागू होत नाही. उलट तिन्हींमध्ये शेवटची अधिक मोलाची.

भीती कोणत्या रोगांची?

सर्वांत अधिक पिल्ले पार्व्होने जातात. गावात याला गॅस्ट्रो म्हणतात. हा रोग १९७८ मध्ये प्रथम जगभर एकाच सुमारास दिसून आला आणि झपाट्याने पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून त्याचा विषाणू प्रचंड संख्येने बाहेर पडतो, लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच पडू लागतो आणि मातीत कित्येक महिने, अनुकूल जागी वर्षभरही टिकतो. सावलीच्या ओल्या जागेत तो अधिक काळ राहतो. समोर आजारी कुत्रा नाही म्हणून जागा सुरक्षित, असे म्हणता येत नाही ते यामुळेच. पायताणाला, सायकलच्या चाकाला, घमेल्याच्या बुडाला लागूनही तो वस्तीवर येतो.

डिस्टेंपरची तऱ्हा निराळी. त्याचा विषाणू बाहेर फार काळ तग धरत नाही, पण आजारी कुत्र्याच्या श्वासातून व शिंकेतून थेट पसरतो. डोळ्यांना व नाकाला चिकट घाण येते, ताप चढतो, खोकला लागतो आणि पुढे झटके येतात. येथे जागेपेक्षा सोबत महत्त्वाची. अनोळखी कुत्र्याशी नाकाला नाक लागू न देणे हाच उपाय.

लेप्टोस्पायरोसिस मुख्यतः उंदरांच्या मूत्रातून पाण्यात व चिखलात उतरतो. भाताची खाचरे, उसाचे पाट, गोठ्याची मोरी अशा जागी तो असतो आणि माणसालाही होतो. पावसाळ्यात पिल्लू वाढवीत असाल तर याची लस वेगळी विचारून घ्यावी; तिच्याही दोन मात्रा लागतात.

रेबीजविषयी, म्हणजे पिसाळण्याविषयी, आपल्याकडे माहिती आहे, पण एक गैरसमज फार पक्का आहे. 'पिल्लूच तर आहे, त्याच्या दाताने काय होते?' लहान पिल्लासही रेबीज होऊ शकतो. आईला किंवा पिल्लाला पिसाळलेले कुत्रे चावून गेलेले कोणाला माहीत नसते, पिल्लू सर्वांच्या हातून फिरते आणि आठवड्याने मरते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर त्यावर उपचार नाही. पिल्लाला ही लस तीन महिने वयाला द्यावी. आपल्या भागात तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देण्याची शिफारस पशुवैद्यक करतात, त्यानंतर दरवर्षी.

लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. तालुक्याच्या दुकानातून कुपी घेऊन ती सदऱ्याच्या खिशातून बारा मैल आणली तर टोचते ते निव्वळ पाणी, असे समजावे. बर्फ घातलेला थर्मास न्यावा, आणि शक्य झाल्यास पिल्लालाच दवाखान्यात न्यावे. तेथेही त्यास जमिनीवर सोडू नये. दवाखान्याच्या अंगणात आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. मांडीवर घेऊनच पाळी येईपर्यंत बसावे.

'बाहेर' म्हणजे कोठे?

प्रश्नातील गोंधळ 'बाहेर' या शब्दात आहे. आपले कुंपण घातलेले अंगण हेही बाहेर आणि एस. टी. स्थानकामागचा उकिरडाही बाहेर; पण दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

स्वतःच्या अंगणात, जेथे गेल्या वर्षभरात कोणतेही कुत्रे हगवणीने मेलेले नाही आणि भटकी कुत्री येत नाहीत, तेथे पिल्लू पहिल्या दिवसापासून फिरले तरी हरकत नाही. घरात आधीचा कुत्रा असेल आणि त्याच्या लसी पूर्ण असतील तर त्याची सोबत चांगलीच. वागण्याचे निम्मे शिक्षण तोच देतो. शेतात न्यायचे असल्यास पहिल्या लसीनंतर आठवडाभराने कडेवर किंवा पाटीत घालून न्यावे. पाय मातीला लागू न देता त्याने सगळे पाहावे, ऐकावे, हुंगावे. मोटारसायकलवर, बैलगाडीत, ट्रॅक्टरवर मांडीवर बसवून फिरविण्यास मुळीच हरकत नाही. आमच्या भावाची चूक बाजारात नेण्याची नव्हती, तेथे खाली सोडण्याची होती.

दुसरी लस होऊन दोन आठवडे झाले, म्हणजे वय साधारण तीन-साडेतीन महिने झाले, की आपल्या शिवारातील मोकळ्या, उन्हाच्या जागी दोरी लावून थोडे चालविण्यास सुरुवात करता येते. नांगरून पडलेले रान त्यासाठी बरे. बांधावरची वाट जर गावच्या कुत्र्यांची रोजची असेल तर ती टाळावी.

गावात, बाजारात, जत्रेत, मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी, सार्वजनिक पाणवठ्यावर, मटणाच्या दुकानाच्या आसपास आणि तोडणी टोळ्यांच्या तळावर, जेथे ठिकठिकाणची कुत्री एकत्र येतात, तेथे मात्र १६ आठवड्यांनंतरची शेवटची मात्रा होऊन आणखी दोन आठवडे लोटेपर्यंत पिल्लाचे पाय टेकवू नयेत. कार्तिकातील पिल्लाचा हिशेब केला तर हा दिवस होळीनंतर येतो. तोपर्यंत दम धरावा. एखादी मात्रा चुकली असेल तर होळी झाली म्हणून सोडू नये; पशुवैद्यकास विचारून हिशेब पुढे न्यावा.

कोंडून ठेवणेही महागात पडते

आता दुसरी बाजू. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो, की त्यात जे जे पाहिले, ऐकले, ते त्यास जन्मभर आपले वाटते. जे त्या काळात दिसले नाही त्याची पुढे भीती वाटते, आणि भ्यालेले कुत्रे चावते. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी १९५० ते १९६५ च्या दरम्यान यावर दीर्घकाळ काम केले. तेथील एका प्रयोगात काही पिल्लांना माणसाच्या सहवासापासून चौदा आठवडे दूर ठेवले, तेव्हा ती पुढे माणसाळणे फार कठीण गेले. धनगर मंडळी हे शास्त्र न शिकता पाळतात. त्यांच्या कुत्र्याची पिल्ले मेंढरांतच डोळे उघडतात, म्हणून मोठेपणी ती कोकराला दात लावीत नाहीत.

येथे पेच लक्षात येईल. शिकण्याचा काळ चौदाव्या आठवड्याला संपत येतो आणि लसीकरण सोळाव्याला पूर्ण होते. दोन्ही पूर्ण होण्याची वाट पाहिली तर एक हातचे जाते. अमेरिकेतील पशुवर्तन विषयाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनेही पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी आणि जंताचे औषध दिल्यावर पिल्लाला स्वच्छ जागी लोकांत व निरोगी, लस झालेल्या कुत्र्यांत मिसळू द्यावे, असाच सल्ला दिलेला आहे.

रोपवाटिकेतील रोप आपण एकदम रानात लावत नाही. सावली थोडी थोडी कमी करतो, पाणी तोडतो, वारा लागू देतो. तसेच येथे करावे. पहिल्या आठवड्यात बैल व म्हैस लांबून दाखवावी. मोटारीचा, फवारणी पंपाचा, मळणीयंत्राचा आवाज आधी दुरून आणि दिवसागणिक जवळून ऐकवावा. शाळेची मुले, काठी टेकत येणारे म्हातारे, डोक्यावर भारा घेतलेली बाई, हेल्मेट घातलेला माणूस, घोंगडी पांघरलेला माणूस अशी निरनिराळी माणसे वस्तीवर बोलावून त्यांच्या हातून भाकरीचा तुकडा द्यावा. पाहुण्यांनी पायताणे फाटकाबाहेर काढून हात धुवावेत. हसतील, हसू द्यावे. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पिल्लू शेपूट पोटाखाली घालून मागे सरू लागले की थांबावे. ओढत पुढे नेल्यास भीती पक्की होते. कोंबड्यांत सोडताना दोरी हातात असावी, कारण पहिली कोंबडी पकडण्याची गोडी लागली की ती सुटत नाही.

ज्या वस्तीवर पिल्लू मेले तेथे

पार्व्होने पिल्लू गेले त्याच खोपटात महिन्याभरात नवे आणून ठेवण्याची चूक पुष्कळ जण करतात. फिनाईलने हा विषाणू मरेल असा भरवसा धरता येत नाही. विहिरीत टाकण्यासाठी ग्रामपंचायतीत मिळणारी ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, येथे उपयोगी पडते. फरशी किंवा सिमेंटची जागा आधी घासून घाण पूर्ण काढावी, मग ताज्या पावडरचे लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून ते किमान दहा मिनिटे ओले राहील असे पसरावे व नंतर पाण्याने धुऊन काढावे. डब्यात वर्षभर पडून वास गेलेली पावडर वापरू नये. ती फिनाईलमध्ये किंवा आम्लात मिसळू नये. शेणाने सारवलेल्या जमिनीवर व मातीवर मात्र या द्रावणाचा उपयोग होत नाही, कारण शेण-मातीच क्लोरीन खाऊन टाकते. तेथे वरची माती खरवडून खोल पुरावी, जागा उन्हात उघडी ठेवावी आणि पुढचे वर्षभर लसी अपूर्ण असलेले पिल्लू तेथे आणू नये. दुसऱ्या बाजूला नवा निवारा करणे अधिक सोपे.

जंत, गोचीड आणि आपली औषधे

जंत पिल्लाला आईच्या पोटातून व दुधातूनच मिळतात. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यावे. जंतांनी खंगलेल्या पिल्लात लसही नीट लागू पडत नाही. गोचिडांसाठी जनावरांचे औषध अंदाजाने पिल्लाच्या अंगावर ओतू नये. म्हशीला पेलते ते दीड किलोच्या जिवाला पेलत नाही, आणि पिल्लू अंग चाटते. लहान पिल्लाचे गोचीड चिमट्याने काढावेत व औषध विचारूनच लावावे.

माझ्या विषयाशी जवळची गोष्ट म्हणजे उंदरांचे विष. रब्बीत गव्हा-हरभऱ्यात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवण्याची शिफारस आम्हीच करतो. धान्याचा भरडा आणि गोडेतेल घातलेले ते आमिष पिल्लालाही तितकेच आवडते, आणि त्यावर नेमका उतारा नाही. आमिष बिळात खोल टाकून बीळ बंद करावे, उरलेले व मेलेले उंदीर त्याच दिवशी पुरावेत आणि मोहीम संपेपर्यंत पिल्लू त्या बाजूस नेऊ नये. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्ल्याचे कळल्यास लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. त्यावर जीवनसत्त्व 'के' चा उपचार आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

पिल्लाने खाणे सोडले, दोनदा उलटी केली व सुस्त पडले तर हगवणीत रक्त दिसण्याची वाट पाहू नये. पार्व्होमध्ये शरीरातील पाणी झपाट्याने जाते आणि पहिल्या दिवशी लावलेल्या सलाईनला जे जमते ते तिसऱ्या दिवशी जमत नाही. लस दिलेल्या तारखा लिहिलेले कार्ड बरोबर न्यावे. आणि पिल्लाचा दात किंवा ओरखडा कोणाला लागलाच, तर जखमेवर चुना, मिरची, हळद काही न लावता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत भरावयाच्या सीरमविषयी तेथे आवर्जून विचारावे. आमच्याकडे सध्या तिसरे पिल्लू आहे, अकरा आठवड्यांचे. रोज संध्याकाळी ते पाटीत बसून विहिरीपर्यंत जाते, पाटीच्या काठावर पुढचे पाय ठेवून मोटारीचा आवाज ऐकते आणि पाटीतूनच परत येते. शेजारच्या वस्तीवरचे हसतात.